तिसरी रेघ माझी होती

हा लेख लिहू नये असं मला दोघांनी सांगितलं. एक आमच्या संस्थेतले आताचे अधिकारी. ते म्हणाले, "पंचवीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, सुखानं जा." दुसरा माझा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "दादा, लोक चकली खात दिवाळी अंक वाचतात. त्यात बोकडाच्या मुंड्या कशाला?" मी दोघांचंही ऐकलेलं नाही. मुंड्या वगळून ही हकीकत सांगता येत नाही, आणि सुखानं जायचा हक्क मी एका रविवारी माकुणसारला गमावला आहे.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नळ्या धुण्यापासून यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत सगळं करतो, आणि शोधनिबंधावर ज्यांचं नाव येत नाही त्या जमातीतला आहे. साठच्या दशकात, तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम चालू असताना, मुंबईतल्या आमच्या संस्थेसाठी मी एक काम केलं. दर रविवारी बोईसरच्या बाजारात जायचं आणि बोकडांच्या डोक्यातली हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी गोळा करून आणायची. माझं घर पालघरला, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. नातेवाइकांत मला 'मुंडीवाला' म्हणत. तेव्हा मी ओशाळून हसायचो. आता हसत नाही. त्या मुंड्यांत जे होतं ते हसणाऱ्यांच्या डोक्यातही आहे, आणि ते नसतं तर त्यांच्या आयांना दूध आलं नसतं.

वासरू ढुसण्या देतं आणि म्हशीला पान्हा सुटतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दूध कासेत आधीच असतं. ते सोडायचा हुकूम मेंदूतून येतो. त्या हुकमाचं नाव ऑक्सिटोसिन. बाळंतपणातल्या कळाही त्याच्याच जोरावर. हे हार्मोन मेंदूच्या तळाशी तयार होतं आणि एका बारीक देठातून खाली पिट्युटरी नावाच्या ग्रंथीत येऊन साठतं. पण ते एकटं येत नाही. एक मोठं प्रथिन त्याला अंगाशी धरून आणतं. त्याला न्यूरोफायसिन म्हणतात. कोळीण पाटीतून मासळी आणते, तशी ही पाटी. बाजार आला की मासळी उतरते आणि पाटी वेगळी होते.

मासळी राहिली बाजूला, पाटीचा अभ्यास कशाला, असं मीही आमच्या बाईंना विचारलं होतं. बाई म्हणजे डॉ. कर्णिक. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज इतका हळू की शेजारी पंखा चालू असला तर तो बंद करावा लागे. त्या म्हणाल्या, "हार्मोन रक्तात कणभर असतं आणि बघता बघता नाहीसं होतं. आपल्या हाताला लागत नाही. पाटी मोठी आहे, ती सापडते. पाटीचा माग काढला की मासळी कुठून निघाली, कधी निघाली, हे कळेल." त्या ग्रंथीत दोन हार्मोन साठतात, एक पान्ह्याचं आणि दुसरं शरीरातलं पाणी धरून ठेवणारं. दोघांना मिळून एक पाटी आहे की प्रत्येकाची वेगळी, यावर तेव्हा जगभर वाद होता. प्रत्येकाची वेगळी, असं म्हणत बाई त्या वादात पडल्या होत्या. हाताशी होतं एक जुनं शीतकपाट, बटाट्याचा स्टार्च आणि मी.

मुंबईच्या कत्तलखान्यात आम्ही आधी प्रयत्न करून पाहिला. तिथं मुंड्या अख्ख्या विकल्या जात, आणि त्या उघडेपर्यंत ग्रंथी मऊ पडलेली असे. बोईसरला तसं नव्हतं. बांधकामावर मुलूखमुलखाचे लोक आले होते आणि रविवारी मटणाला रांग लागे. त्यातल्या पुष्कळांना भेजा वेगळा हवा असे, त्यामुळे मुंडी तिथल्या तिथे उघडली जायची. उघडणारी होती भागूमावशी.

भागूमावशी खाटकीण. नवरा वारलेला. बोकड तिचा दीर कापायचा, आणि मुंड्यांचं काम हिचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि दिराला हाक मारली, "भाऊजी, या जरा! मुंडीचा डाक्टर आलाय. नाडी दाखवा बोकडाची."

रांग हसली. मी ग्रंथी कुठं असते ते पुस्तकातलं चित्र काढून दाखवलं. तिनं चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. सत्तुराच्या एका घावात कवटी उघडली, भेजा अलगद उचलून पानावर ठेवला आणि खालच्या हाडातला खळगा बोटानं दाखवला. खळग्यावर पातळ पडदा, पडद्याखाली दाणा. भेजा उचलताना देठ तुटतो आणि दाणा हाडात बसून राहतो. म्हणजे आम्हाला दाणा मिळे आणि गिऱ्हाइकाचा भेजाही शाबूत राही.

"ह्यो ना? ह्यो आमी फेकतो," ती म्हणाली. "आता तुजं नाव ह्याच्यावर."

छत्रीच्या जुन्या काडीचं टोक वाकवून तिनं एक आकडी तयार केली. माझ्या चिमट्यांनी दहातले तीन दाणे फाटत. तिच्या आकडीनं एकही फाटला नाही. दाणा निघाला की डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत, आणि मगच पुढची मुंडी. रांगेतला कुणी ओरडायचा, "मावशी, जल्दी करो ना, ड्यूटी है!" ती मान वर न करता सांगायची, "एक मुंडी, एक दाणा, मग दुसरी. ज्याला घाई हाय त्यानं भेंडी घ्यावी."

मी तिला दाण्याचं काम समजावून सांगितलं होतं. पान्ह्याचा हुकूम इथून सुटतो म्हटल्यावर तिनं सत्तूर खाली ठेवला. "म्हणजे म्या इतकी वर्सं पान्हा उकिरड्यावर टाकला," ती म्हणाली. त्यानंतर तिनं एकही दाणा फेकला नाही. मी एखाद्या रविवारी उशिरा पोचलो तर ती मुंड्या तशाच ठेवून माझी वाट बघायची आणि भेज्याच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खायची.

पेटी लाकडी होती, आत पत्रा आणि दोन्हींच्या मधे भाताचं तूस. पालघरला मासळीसाठी जो बर्फ फुटायचा, तोच मी घ्यायचो. एरवी तो संध्याकाळपर्यंत टिके, आणि बोईसरहून निघालेली गाडी मला दुपारीच प्रयोगशाळेत पोचवी.

आता तो रविवार. मला स्थळ आलं होतं माकुणसारचं. बोईसरहून मुंबईला जाताना वाटेत सफाळे स्टेशन लागतं, तिथून माकुणसार जवळ. घरच्यांनी ठरवलं की जाता जाता मुलगी पाहून घ्यावी, वेगळी रजा नको. कांदेपोहे खाऊन तासाभरात पुढची गाडी धरायची, एवढाच माझा हिशेब. त्या आठवड्यात बांधकामावर कसलीशी सुटी होती, बोकड जास्त कापले गेले होते, आणि डबा कधी नव्हे इतका भरला होता. भागूमावशीनं झाकण स्वतः घट्ट लावलं आणि म्हणाली, "मुलगी बघायला मुंड्या घेऊन चाललाय. होकार आला तर पेढे नको, खरं काय ते येऊन सांग."

मी पेटी घेऊन मुलीच्या ओटीवर चढलो. आमच्या भागात बर्फाची लाकडी पेटी घेऊन पाहुणा आला तर त्यात एकच गोष्ट असते. मुलीचे काका पुढे आले, पेटी माझ्या हातातून घेतली आणि आत हाक दिली, "अगं, पावण्यांनी पापलेटं आणलीत! कशाला इतकं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. "काका, यात मासे नाहीत, बोकडाच्या मेंदूतल्या ग्रंथी आहेत, सरकारी काम आहे." एवढं एकच वाक्य. पण समोर मुलीची आई उभी, आजी उभी, दाराआड मुलगी. मी हसलो. पेटी आत गेली.

आत त्यांनी ती उघडली. पापलेटं नाहीत, नुसता बर्फ आणि मधे घट्ट झाकणाचा एक डबा. डबा पाहुण्यांचा खाजगी असेल म्हणून सभ्यपणे उचलून मागच्या पडवीत ठेवला, उन्हात. आणि बर्फ? दिवस उन्हाळ्याचे, बर्फ कुणाच्या घरी असे तेव्हा? थोड्या वेळानं माझ्यापुढे कोकम सरबताचा पेला आला. त्यात बर्फाचे खडे किणकिणत होते. काका म्हणाले, "पावण्यांची कल्पना भारी. मासळीपेक्षा बर्फ बरा!" मी तो पेला प्यालो. दुसराही प्यालो.

गाडी चुकली. जेवणाचा आग्रह झाला. मुलगी बोलायला आली, आणि ती मला आवडली हेही लपवत नाही. निघताना डबा परत मिळाला तेव्हा चारेक तास झाले होते. पत्रा हाताला गरम लागला. विरारला बर्फ मिळवला, पेटी पुन्हा भरली, संध्याकाळी शीतकपाटात डबा ठेवला. झाकण उघडून पाहिलं तर दाणे मऊ होते. वास आला की मला वाटला, ते अजून सांगता येत नाही. नोंदवहीत लिहिलं, 'सर्व नमुने बर्फात. स्थिती उत्तम.' अक्षर माझं आहे. वही संस्थेत आहे. कुणाला पाहायची असेल तर पाहावी.

पुढचं काम असं. दाण्याचा मागचा भाग वेगळा करायचा, थंड ॲसिटोनमध्ये वाळवून सुंठेसारखी पूड करायची. पूड सौम्य आम्लात विरघळवायची आणि मीठ घालून प्रथिन खाली बसवायचं. मग स्टार्च शिजवायचा. कुरडयांचा चीक शिजवतात तसाच, फक्त ढवळताना बोलायचं नाही. तो तबकात ओतून वडी जमली की तिच्यात प्रथिन घालून वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वेगानं सरकतात आणि निळा रंग दिला की रेघा दिसतात. आम्हाला नेहमी दोन ठळक रेघा दिसत, दोन पाट्या. बाईंचं म्हणणं त्यानं पक्कं होत होतं.

माकुणसारच्या डब्यानं तीन दाखवल्या.

बाईंनी पंखा बंद केला. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तिसरी पाटी असेल, तर तिसरी मासळी असली पाहिजे. अजून कुणालाच माहीत नसलेली." बाईंना मी तेवढ्या आनंदात पुन्हा कधीच पाहिलं नाही. तेव्हा बोलायची दुसरी संधी होती. मी तबक धुवायला घेतलं.

बाईंनी संस्थेच्या सभेत ती रेघ दाखवली, परदेशी पत्रं लिहिली. मग पुढच्या रविवारचे दाणे तपासले, त्याच्या पुढचे तपासले. दोनच रेघा. तिसरी फक्त त्या एका पुडीत. पत्रांना उत्तरं येऊ लागली, विचारणा होऊ लागली, आणि साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या आमच्या प्रमुखांनी, मला खोलीत बोलावलं. बाई शेजारी बसल्या होत्या.

"ती खाटकीण शिळा माल देत असेल," साहेब म्हणाले. "नाहीतर मेंढीचे मिसळले असतील. तुमच्या डोळ्यांदेखत काढले होते सगळे?"

सगळेच्या सगळे माझ्या डोळ्यांदेखत काढले होते. एक मुंडी, एक दाणा, मग दुसरी.

मी म्हणालो, "सगळेच नाही, साहेब."

माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात महाग वाक्य हेच. बर्फ वितळला तो अपघात होता. पेला प्यालो तो भिडस्तपणा होता. हे वाक्य मात्र मी विचार करून बोललो. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं.

पुढच्या रविवारी दाणे बंद करण्याचा निरोप घेऊन मी बोईसरला गेलो. रांग भरलेली. भागूमावशीनं आकडी हातात घेतली होती. मी म्हणालो, "मावशी, आता नकोत."

"का रं?"

"संस्थेला शंका आहे. माल ताजा नसतो असं..."

रांगेत चुळबुळ झाली. एकानं दुसऱ्याला हिंदीत विचारलं, काय म्हणाला, आणि दुसऱ्यानं सांगितलं, "बंबई का आदमी बोलता है, मावशी का माल बासी है." मी ते ऐकलं आणि वळलो. पाठीमागून ती एवढंच म्हणाली, "तू होतास ना रं हितं? तुज्यासमोरच काढले ना?"

दोन महिन्यांत तिची रांग सालवडच्या वाटेवर निघालेल्या नव्या दुकानात गेली. दीर वेगळा झाला. हे मला उशिरा कळलं, कारण मी तिकडे जायचं टाळत होतो. बाई मात्र त्या रेघेमागे पडून होत्या. आठ महिने.

आणि मग एका सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी भागूमावशी उभी. डोक्यावर बर्फाची पाटी, त्यात स्टीलचा डबा. विचारत विचारत आली होती. शिपाई अडवायला लागला तर त्याला म्हणाली, "बाजूला हो. मी माल घिऊन आलीय, चहा प्यायला नाय."

बाई बाहेर आल्या. भागूमावशीनं डबा त्यांच्या हातात दिला. "आज सकाळचे हायत. याच्यासाठी बोकड उधारीवर आनलेत. तुमी स्वता बघा. आठ दिसांनी येते. शिळे निगाले तर मी धंदा सोडते. ताजे निगाले तर मला सांगा, तवाचे कुनी नासवले."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

बाईंनी स्वतः पूड केली, स्वतः चीक शिजवला. आठ दिवसांनी भागूमावशी आली तेव्हा तबक उजेडात धरून बाईंनी तिला दाखवलं. दोन रेघा, सुईनं ओढल्यासारख्या. बाई म्हणाल्या, "इतके चांगले नमुने मी आजवर पाहिले नाहीत. तेव्हाच्या त्या एका डब्यानं मात्र तीन रेघा दाखवल्या होत्या."

"मग ती तिसरी रेघ कुनाची?" भागूमावशीनं विचारलं.

मी म्हणालो, "माझी."

आणि सगळं सांगितलं. पेटी, पापलेटं, सरबत, पडवीतलं ऊन. 'सगळेच नाही' हेसुद्धा. बाईंनी मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बर्फ वितळला हे तुम्ही त्याच संध्याकाळी एका वाक्यात सांगितलं असतंत, तर मी हसले असते. आठ महिने, हो." आणि लगेच, तशाच उभ्या उभ्या, कामाला लागल्या. भागूमावशीचे उरलेले दाणे बाहेर काढले, अर्धे बर्फात ठेवले, अर्धे चार तास उन्हात. उन्हातल्यांनी तिसरी रेघ दिली. उष्णतेनं ग्रंथीतलेच पाचक रस त्या प्रथिनाचा लचका तोडतात आणि उरलेला तुकडा वेगळ्या वेगानं सरकतो. तिसरी पाटी नव्हती. मोडकी पाटी होती.

बाईंनी आधीचं म्हणणं लेखी मागे घेतलं आणि हे छापलं. शेवटी आभार मानायची रीत असते. साहेबांनी मजकूर पाहिला आणि तिथं ओळ आली, 'नमुने काळजीपूर्वक गोळा केल्याबद्दल' माझे आभार. भागूमावशीचं नाव बाईंनी लिहिलं होतं, ते साहेबांनी खोडलं. म्हणाले, "खाटकिणीचे आभार मानले तर आपल्याला हसतील." बाई भांडल्या. मी भांडलो नाही. नाव माझं होतं, मी गप्प बसलो. चौथ्यांदा.

मी सगळं कबूल केलं त्या दिवशी जाताना भागूमावशी जिन्यात थांबली होती. मी माफी मागू लागलो. ती म्हणाली, "हितं जिन्यात नको. तू रांगेत बोललास, रांगेत सांग. जितक्यांनी ते ऐकलं, तितक्यांनी हे ऐकलं पायजे."

मी त्यानंतर तीन रविवार बोईसरला उतरलो आणि तिन्ही वेळा स्टेशनावरूनच परत फिरलो. चौथ्या रविवारी माझं लग्न होतं.

आज न्यूरोफायसिनवर पुस्तकं आहेत. त्याच्या खुणेवरून मेंदूतल्या कुठल्या पेशी कुठलं हार्मोन करतात हे रंगवून दाखवता येतं, आणि प्रत्येक हार्मोनची पाटी वेगळी, हे बाईंचं म्हणणं टिकलं. बाई आता नाहीत. माझी बायको हा मजकूर वाचून म्हणाली, "लिहा सगळं. पण सरबत मी केलं होतं, हेही लिहा. बर्फ मीच फोडला. काकांवर कशाला घालता?" ते लिहिलं.

यानं संस्थेची बदनामी होत असेल तर होऊ दे. खोडलेलं नाव मी इथं पुन्हा लिहितो: ते दाणे भागीरथी खाटकिणीनं काढले होते, एकूण एक ताजे होते, आणि काळजीपूर्वक हा शब्द तिचा आहे. माझ्या नावापुढून तो काढावा.

पण छापून भागत नाही. तिनं रांग म्हटलं होतं, अंक नाही. म्हणून मजकूर संपादकांकडे देण्याआधी, गेल्या रविवारी, कागद घेऊन मी बोईसरला गेलो. या वेळी स्टेशनावर थांबलो नाही. दुकान तेच, आता सून चालवते. भागूमावशी मागे खुर्चीवर बसलेली, डोळे अधू. मी नाव सांगितलं. तिनं विचारलं, "पेटी आनलीस?"

"नाही, मावशी. कागद आणलाय."

"मग वाच. मोठ्यानं."

मी रांगेकडे तोंड करून वाचायला लागलो. जुन्यांपैकी कुणीच नव्हतं. कारखान्यांतली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे एकमेकांकडे बघत होते. पडवीतल्या उन्हापर्यंत आलो तेव्हा पुढचा एक जण वैतागला. "काका, तुमचं भाषण नंतर. मला अर्धा किलो द्या, कंपनीची बस जाईल."

भागूमावशीनं खुर्चीतूनच काठी आपटली. "गप उभा रहा," ती म्हणाली. "ह्याचा नंबर पंचवीस वर्सांआधीचा हाय."